हिवतापाचा परजीवी, त्याची विकरे आणि चौदा दिवसांची गोळी

पावसाळा आला की डिचोली तालुक्यातील सुर्ल्यासारख्या खाणगावांत ठिकठिकाणी पाणी साचते. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास विहिरी, उघड्या टाक्या, बांधकामावरची साठवण अशा स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. डासांविषयी आपण पुष्कळ बोलतो; मात्र त्याच्या पोटातला प्लास्मोडियम हा परजीवी जगतो कसा, याचा विचार क्वचितच होतो. त्याचे जगणे प्रत्येक टप्प्यावर विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, अवलंबून असते.

तांबड्या रक्तपेशीत शिरल्यावर हा परजीवी तेथील हिमोग्लोबिन खाऊ लागतो. प्लास्मेप्सिन आणि फाल्सिपेन ही विकरे त्या प्रथिनाचे तुकडे करतात. या भोजनातून उरणारा हीम हा लोहयुक्त अंश मात्र त्याला विषासमान असतो. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. लाव्हरान यांनी १८८० मध्ये रुग्णाच्या रक्तात पाहिलेले काळपट कण ते हेच. क्लोरोक्वीन नेमकी ही स्फटिकक्रिया रोखते आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो! वाढ पूर्ण झाली की आणखी काही विकरे रक्तपेशीचे कवच फोडतात, नवी पिल्लावळ बाहेर पडते आणि रुग्णाला हुडहुडी भरते. व्हायवॅक्स प्रकारात हे चक्र सुमारे ४८ तासांचे असते.

डासाच्या जठरात निराळीच अडचण उभी राहते. रक्त प्यायल्यावर तेथे कायटिनयुक्त पडदा तयार होतो. तो भेदण्यासाठी परजीवी कायटिनेज सोडतो. काही प्रजातींत हे विकर निष्क्रिय रूपात बाहेर येते आणि डासाचेच पाचक विकर त्याला कार्यरत करते. यजमानाच्याच हत्याराने त्याच्या घराची भिंत फोडण्याचा हा प्रकार!

या संशोधनाशी गोव्याचाही संबंध आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दक्षिण आशियातील हिवतापावरील 'मेसा' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे काम झाले. त्याचे प्रमुख, वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रा. प्रदीपसिंह राठोड यांनी मार्गारेट फिलिप्स यांच्यासह परजीवीच्या 'डीएचओडीएच' या विकरावर दीर्घकाळ काम केले. डीएनएसाठी लागणारे पिरिमिडीन मानवी पेशी आयतेही मिळवू शकतात. परजीवीला ते स्वतःच घडवावे लागते. त्यामुळे हे विकर बंद पाडले की कोंडी त्याचीच होते. यातून निघालेले 'डीएसएम २६५' हे औषध मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले. फाल्सिपेरमवर त्याचा प्रभाव दिसला, व्हायवॅक्सवर तितका नाही. शिवाय काही रुग्णांत विकराची रचना बदललेले, औषधाला न जुमानणारे परजीवी आढळले.

व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही ताप उलटतो. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावी लागते. क्लोरोक्वीनने तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागले की उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात, हा घरोघरचा अनुभव. येथे एक मानवी विकरही महत्त्वाचे ठरते. 'जी६पीडी' हे विकर जन्मतः कमी असलेल्यांत प्रायमाक्वीनमुळे रक्तपेशी फुटू शकतात. म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. गर्भवती स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना ती देत नाहीत. उपचार चालू असताना लघवी काळपट झाली वा डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.