कोरड्या काँक्रीटची गोण कशी भरतात

सिमेंट, क्रश सँड आणि 10 मिमीची खडी मापात मिसळून भरलेली गोण. जागेवर फक्त पाणी घालायचं. कल्पना जुनी आहे, अमेरिकेत सिनसिनाटीला 1936 सालीच असा माल विकायला सुरुवात झाली. 40 किलोच्या गोणीतून काँक्रीट निघतं जेमतेम 18 लिटर, म्हणजे एका घनमीटरला पंचावन्नेक गोण्या. स्लॅबला हे परवडत नाही, तिथे तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडीच हवी. पण कुंपणाचे खांब किंवा सातव्या मजल्यावरची डागडुजी, जिथे वाळू-खडी टाकायला जागाच नसते, तिथे ही गोण लिफ्टने वर जाते.

असा कारखाना काढायचा म्हटलं की लोक आधी मिक्सरची कोटेशनं मागवतात. माझ्या मते आधी वाळूची शेड बघावी. सिमेंटला पाणी मिळालं की ते सेट व्हायला लागतं. ते नळाचं की वाळूतलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एक टन वाळूत 5 टक्के ओल म्हणजे 50 किलो पाणी, आणि पावसाळ्यात उघड्यावरच्या ढिगात याहून बरंच जास्त. गोणीत जाणारी वाळू मात्र अर्ध्या टक्क्याच्या आत लागते, 0.2 असेल तर उत्तम. मधलं सगळं पाणी डिझेल किंवा गॅस जाळून उडवायचं. म्हणून पत्र्याच्या छपराचा खर्च इंधनात वसूल होतो. शेडची जमीन पक्की आणि उताराची ठेवावी, आणि लोडरवाल्याला ढिगाच्या तळाला हात लावू देऊ नये. पाणी तिथेच उतरलेलं असतं.

ड्रायर म्हणजे किंचित कललेला, फिरणारा लांब ढोल. आतल्या पट्ट्या वाळू उचलून वरून सोडतात आणि बर्नरची गरम हवा त्या पडत्या वाळूतून जाते. बाहेर आलेली वाळू लगेच वापरायची नाही. गरम माल गोणीत गेला तर थंड होताना उरलेली ओल आतल्या बाजूला धरते आणि कडेला गुठळ्या होतात. 60 अंशांच्या खाली आल्यावरच ती सायलोत चढवावी.

तपासणीला मोठी प्रयोगशाळा नको. 500 ग्रॅम वाळू तव्यावर तापवायची, हलवत राहायची, वजन घटायचं थांबलं की पुन्हा काट्यावर ठेवायची. एक ग्रॅम कमी भरली तर ओल 0.2 टक्के, अडीच ग्रॅम घट आली की बर्नर वाढवायचा. दर तासाला हे करणारा एक माणूस नेमावा.

मिसळणं त्यामानाने सोपं. सायलोतून प्रत्येक माल लोड सेलवर तोलला जातो आणि पॅडल मिक्सरमध्ये काही मिनिटांत एकजीव होतो. बिघडतं ते पुढे. मिश्रण उंचावरून हॉपरमध्ये पडलं की खडी घरंगळून कडेला जाते, बारीक माल मध्ये राहतो. मग एका गोणीत नुसती खडी आणि दुसरीत सिमेंट-वाळू. म्हणून मिक्सर आणि पॅकिंग मशीन यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं बरं. अधूनमधून एखादी गोण फोडून चाळावी, खडी किती निघते ते लगेच कळतं. मशीन घेतानाही प्लॅस्टर-टाइल अ‍ॅडहेसिव्हची पंखेवाली घेऊ नये. खडीने तिची पाती झिजून जातात.

गोणीचं दुखणं वेगळंच. भरताना आतली हवा बाहेर पडायला बारीक भोकं लागतात आणि त्याच भोकांतून दमट हवा आत शिरते. त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत माल पाठवायचा असेल तर पॅलेटवर रचून वरून प्लॅस्टिकचं आवरण चढवणं भागच आहे.

पॅकिंगच्या तोंडाशी धूळ ओढणारा बॅग फिल्टर हवाच. दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते, रुमाल बांधून ती अडत नाही. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा घ्यावी लागते, उभारण्याआधी एकदा आणि चालवण्याआधी पुन्हा. वजनकाट्यांवर वैधमापनचा शिक्का लागतो तो वेगळा.

गोदामातून जुना माल आधी काढावा, कारण तीन महिन्यांनंतर सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. गोणीवर भरल्याच्या तारखेशेजारी पाण्याचं मापही मोठ्या अक्षरात छापावं. अशा 40 किलोला साधारण तीन-साडेतीन लिटर पुरतं. गवंडी मात्र बादलीच उपडी करतो.