बाप्तिस्म्याच्या तारखेआधी आणि नंतर

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वॉन्टेजला झाला. नारायण वामन टिळकांचा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. लक्ष्मीबाई टिळकांचा १९०० साली. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या तीन नोंदी इतक्या वेळा येतात, की त्या त्या दिवशी ही आयुष्यं पालटली असंच आपण धरून चालतो. तिघांचं लिहिलेलं जवळून वाचलं की मात्र कळतं, पाण्याचा विधी एका दिवसाचा होता आणि पालटायला वर्षं लागली होती. त्या वर्षांचा हा मागोवा.

रमाबाईंपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे: विधी आधी, अनुभव नंतर. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीचं बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत पायी गेलं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं आणि १८८२च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने तेही गेले. कडेवर लहानगी मनोरमा. पंचविशीच्या आत एवढं सोसलेल्या बाईने नवा धर्म स्वीकारला तो आसरा म्हणून, असं समजणाऱ्यांनी वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या वाद घालत होत्या. त्रैक्याचा सिद्धांत पटवून द्या म्हणत होत्या, आपली बुद्धी कुणाच्या स्वाधीन करायला साफ नकार देत होत्या. वधस्तंभाच्या पदकावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत त्यांनी विचारलं. पुढे अमेरिका झाली, १८८७चं इंग्रजी पुस्तक झालं, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः भेटला तो आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास. एवढी नावाजलेली बाई, जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आदर्श वाटणारी, छापील पुस्तकात हे कबूल करते. मला त्यांच्या साऱ्या कामगिरीइतकंच हे वाक्य मोलाचं वाटतं.

टिळकांची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेला युरोपियन सहप्रवासी, त्याने दिलेला नवा करार, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकलेलं मन. कवीचं मन ते, एकदा पेटलं की थांबणारं नव्हतं. पण बाप्तिस्मा घेताना त्यांनी बायकोला विश्वासात घेतलं नाही. इथे टिळकांची बाजू घेणं मला जमत नाही. त्यांची श्रद्धा खरी होती आणि घरात मागे राहिलेल्या बाईचा आकांतही तितकाच खरा होता. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

आणि ती बाई कुठल्या घरातली? नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजेच लक्ष्मीबाई. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. तिच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची सुरुवातच त्या सोवळ्याच्या जाचाने होते. अशा घरात वाढलेल्या मुलीचा नवरा बाटला, ही बातमी तिने कशी झेलली असेल! लोकांनी तिला सवाष्ण म्हणावं की आणखी काही, हेच ठरेना. नातेवाइकांकडे, काही काळ पंढरपुरात, मुलाला पोटाशी धरून तिने वर्षं काढली. टिळकांची पत्रं येत राहिली. ती परत आली, ती काही वर्षांनी, नगरला, आणि स्वतःच्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, धर्माची सक्ती नाही. टिळकांनी सगळं मान्य केलं. १८९५ साली त्यांनी जे केलं नव्हतं ते आता केलं: बायकोसाठी थांबले. ख्रिस्ती पुरुषाच्या घरात ब्राह्मणी सोवळ्याची चूल पेटत होती आणि त्याने तिला हात लावला नाही. टिळकांच्या धर्मांतराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, या थांबण्याबद्दल फार कमी. मला तर त्यांच्यातला ख्रिस्ती माणूस इथे पहिल्यांदा पुरता दिसतो.

मग लक्ष्मीबाईंचा स्वतःचा विचार सुरू झाला. कुणी उपदेश केला म्हणून नव्हे. राहुरीच्या दिवसांत, एका प्रवासात, त्यांच्या डोक्यात जातीचा प्रश्न फिरू लागला. देवाने प्राण्यांच्या जाती केल्या त्या दिसतात. बाई आणि पुरुष वेगळे केले तेही दिसतं. मग ब्राह्मण आणि शूद्र यांच्या देहावर वेगळी खूण का नाही? हा भेद देवाचा नसणार, माणसाचाच असणार. पाठशाळेची पायरी न चढलेल्या, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या बाईचा हा युक्तिवाद आहे, आणि तो खोडून काढायला आजही कुणी यावं. त्यानंतर कुणाच्याही हातचं खायचं, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. चूल आधी बदलली, देवघर नंतर. बाप्तिस्मा झाला तेव्हा आत घडायचं ते बरंचसं घडून गेलं होतं.

तरी बदल तिथे संपला नाही. दुष्काळात टिळक अनाथ मुलं घरी आणत आणि त्यांच्या पोटाची काळजी लक्ष्मीबाईंवर येई. प्लेगात सोबतच्या माणसांनीही पाय मागे घ्यावा अशा वेळी त्या आजारी मुलींच्या उशाशी बसल्या. विटाळाला भिणारे हातच गाठींचा ताप उतरवायला धडपडत होते. बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे वावरले. टिळकही बदलत होते. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत, आणि मंडळीच्या उपासनेत अभंग, ओवी, कीर्तन आणीत. १९१२पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग ते सांभाळत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताच्या भोवती बसता यावं, ही त्यामागची ओढ. मिशनच्या पगाराची शाश्वती सोडून साठीकडे झुकलेला माणूस हे करतो! त्यानंतर त्यांना दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

रमाबाईंच्याही शेवटच्या वर्षांत असंच एक काम आहे. केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांच्या संसारात, त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या बाईला शास्त्र कळावं म्हणून. अक्षरं जुळवायला आणि छापायला सदनातल्याच बायका. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली, जिच्यावर पुढचं सगळं सोपवायचं होतं ती. भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाईंनी देह ठेवला, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

वैधव्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं, पुढे त्या कराचीला राहिल्या. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय तेवढे झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि ओवीत आणखी चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या येशूच्या नावाने एके काळी त्यांचा संसार मोडला होता, त्याचं चरित्र. मुलाच्या आग्रहाने ‘स्मृतिचित्रे’ही याच काळात लिहून होत होती, पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ साली.