टेकडीवर खड्डा खणण्याआधी

पाऊस तोंडावर आलाय आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'चला, झाडं लावूया' सुरू झालंय. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या टेकड्यांवर असतो. म्हणून आजचा प्रश्न: बिघडलेल्या उतारावर मूळची झाडी परत कशी आणायची?

आधी मूळचं म्हणजे काय? खाली बेसॉल्ट, वर पातळ माती, वर्षातले आठ महिने कोरडे. अशा जागी शोभतं ते गवत, हेंकळीसारखी झुडपं आणि मधून मधून सालई, मोई, धावडा, मेढशिंगी. आपण याला ओसाड म्हणतो. पण कंदीलपुष्पांना आणि लाव्यांना हेच मोकळं गवत लागतं.

या 'ओसाड' जागी ग्लिरिसिडिया लावला गेला. मूळचा मध्य अमेरिकेकडचा, भराभर वाढणारा. त्याच्या दाट सावलीत गवत येत नाही. शेंगा तडकून बी लांब उडतं, आणि तोडला की बुंध्यातून पुन्हा फुटतो.

मग सगळा एकदम तोडायचा का? नाही. एकदम रोलबॅक मारला की उघडी माती पहिल्या पावसात वाहते आणि मोकळ्या उजेडात घाणेरी घुसते. छोटे छोटे तुकडे घ्या. शेंगा पिकायच्या आत तोडा, फांद्या उताराला आडव्या टाका म्हणजे माती अडते. नवे फुटवे मात्र वर्षानुवर्षं काढत राहावे लागतात. मेंटेनन्स कुणालाच चुकत नाही!

दुसरं, वणवा थांबवा. पळस, धावड्याची कितीतरी रोपं गवतात आधीच असतात. दर उन्हाळ्यात जळतात, मुळातून पुन्हा फुटतात, पण उंच होत नाहीत. जाळरेषा काढली आणि चराई आवरली, की तीच वर येतात.

लागवड सगळ्यात शेवटी, आणि तीही जिथे बी पोचत नाही तिथेच. बी त्याच टेकडीवरचं घ्या. धावड्याचं बरंचसं बी पोकळ निघतं, तेव्हा भरपूर गोळा करा. मोई, सालईच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तरी जगतात.

आणि चांगल्या गवतात खड्डे नकोत. माती धरून ठेवतंय ते गवतच.

त्यामुळे यंदा ग्रुपवर 'किती झाडं लावली?' असं कुणी विचारलं, तर तुम्ही विचारा: मागच्या वर्षीची किती जगली? भेटू पुढच्या भागात!