समुद्रावरील आर्तनाद

दाट धुके पडले की समुद्रावर डोळ्यांचे काही चालत नाही. तेथे कानांचे राज्य सुरू होते. म्हणूनच नौकांनी ध्वनीने कसे बोलावे, याचे नियम दर्यावर्दी राष्ट्रांनी ठरविले आहेत. आज प्रचारात असलेले नियम १९७२ साली संमत झाले व १९७७ पासून अमलात आले.

धुक्यातून चालणारी आगबोट दर दोन मिनिटांच्या आत चार ते सहा सेकंदांचा एक दीर्घ भोंगा देते. नांगरलेली नौका मिनिटामिनिटाला सुमारे पाच सेकंद घंटा जलद वाजविते. अर्थ एवढाच, की "आम्ही येथे आहो, सांभाळून या." संकटात सापडलेली नौका मात्र भोंगा अखंड वाजवीत राहते. आम्हांला या योजनेत मोठी मार्मिकता दिसते. नित्याच्या खुणांत ध्वनीइतकेच महत्त्व मधल्या विरामाला असते. तो विरामच नाहीसा झाला, की ऐकणाऱ्याने समजावे, तेथे माणसांच्या प्राणांशी गाठ आहे. भेदरलेल्या खलाशालाही ही खूण चुकावयाची नाही.

दुसरी रीत तोफेची किंवा अन्य स्फोटक बाराची. सुमारे एकेका मिनिटाने बार काढावयाचा. एकच बार कानी आला तर तो भास वाटेल. पुनःपुन्हा येऊ लागला म्हणजे शंका उरत नाही. संकट नसता या खुणा करण्यास सक्त मनाई आहे, आणि ते योग्यच होय.

परंतु ध्वनीची धाव ती किती? दोनशे मीटर लांबीच्या प्रचंड जहाजाचा भोंगाही दोन सागरी मैल ऐकू गेला म्हणजे पुरे, असे नियम मानतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट भर पावसाळ्यात उलटली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते. सहाशेंहून अधिक माणसे गेली, आणि मुंबई इतकी जवळ असूनही तेथे वार्ता पोचली ती कित्येक तासांनी!

बिनतारी यंत्रावरील 'एस ओ एस' ही खूण १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरली: तीन ऱ्हस्व, तीन दीर्घ, तीन ऱ्हस्व. तिचे इंग्रजी अर्थ लोकांनी मागाहून बसविले. तोंडी हाक 'मेडे'. तिचा मे महिन्याशी संबंध नाही, 'मला साहाय्य करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ती आली. १९९९ पासून मोठ्या जहाजांची हाक उपग्रहांमार्फत जाते. तरीही अखंड भोंगा व तोफ नियमांत कायम आहेत. आणि बारा मीटरांहून लहान होडीवर भोंगा नसला तरी चालते, पण आवाज करण्याचे काही ना काही साधन असावेच लागते.