तळघर बांधताय? आधी पाण्याचा विचार करा

माळा भरला, बेडखालचे कप्पे भरले, तरी गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या आणि मुलांची जुनी सायकल ठेवायला जागा नाहीच. म्हणूनच स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, ''खाली एक तळघर काढू या का?'' कल्पना चांगली आहे. प्लॉट तेवढाच राहतो आणि एक मजला जास्तीचा मिळतो. फक्त तळघराची खरी परीक्षा भर पावसाळ्यात होते आणि तोवर बांधकामातल्या चुका मातीखाली गाडल्या गेलेल्या असतात.

जमिनीखाली साठवण करणं आपल्याला नवीन नाही. सांगलीजवळच्या हरिपूरमध्ये हळद जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये ठेवली जायची. आत पाणी झिरपत नसे, म्हणून ती टिकायची. २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली.

परवानगी कशाची?

प्रत्येक शहराचे नियम वेगळे असतात, त्यामुळे नकाशा काढण्याआधीच पालिकेत चौकशी करा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराची उंची किमान २.४ मीटर हवी आणि त्याचं छत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ०.९ ते १.२ मीटर वर हवं. त्यामुळे झरोके ठेवता येतात. जिन्याचं तोंडही रस्त्यापेक्षा उंच ठेवा, म्हणजे तुंबलेलं पाणी सरळ आत येणार नाही.

आणि हो, खाली मुलांची अभ्यासाची खोली करायचा मोह टाळा. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. तिथे परवानगी सामान ठेवण्याची होती आणि चालत होतं वाचनालय.

भिंतीला घाम का येतो?

फ्रिजमधल्या बाटलीवर बाहेर काढताच पाणी जमतं ना? तळघरात तेच होतं. मातीला लागून असलेली भिंत थंड असते. पावसाळ्यातली दमट हवा तिला लागली, की भिंत ओली होते, मग बुरशी येते. थंड देशांत इन्सुलेशन उबेसाठी करतात. आपल्याकडे त्याचा मोठा फायदा हा, की भिंतीची आतली बाजू गार पडत नाही आणि घाम कमी येतो.

यासाठी इन्सुलेटेड काँक्रीट भिंतीची पद्धत आहे. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, मध्ये सळ्या बांधायच्या आणि पोकळीत काँक्रीट ओतायचं. सेंट्रिंग खोलायचं नाही, थर्माकोल तिथेच राहतो. ऐकायला सोपं वाटतं, पण काँक्रीट नीट बसलं नाही तर आतली पोकळी दिसतही नाही, म्हणून हे काम आधी केलेला ठेकेदारच हवा. मातीतल्या थर्माकोलमधून वाळवी वाट काढते, त्यामुळे वाळवीप्रतिबंधक उपचार आधीच करून घ्या. आतून थर्माकोल उघडा ठेवू नका, आग लागली तर तो भराभर पेटतो. त्यावर जिप्सम बोर्ड किंवा प्लास्टर हवंच.

असा ठेकेदार मिळाला नाही तर नेहमीची आरसीसी भिंत बांधा. तिला बाहेरून वॉटरप्रूफिंग करा आणि त्यावर एक्सपीएस फोमचे बोर्ड लावा. माती भरताना वॉटरप्रूफिंगला ओरखडे पडत नाहीत, हा आणखी एक फायदा. विटांची भिंत मात्र नको, माती आणि पाणी तिला बाजूने ढकलत राहतात. काळी माती तर पावसात फुगते, म्हणून भिंतीमागे मुरूम भरा. जमीन आणि भिंतीच्या सांध्यात वॉटरस्टॉप पट्टी टाकायला लावा आणि त्या दिवशी स्वतः साइटवर उभे राहा. गळती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. एका कोपऱ्यात पाण्याचा खड्डा आणि पंप ठेवा. पंप इन्व्हर्टरवर हवा, कारण मुसळधार पावसातच लाइट जाते.

सामान कसं ठेवाल?

रॅक भिंतीपासून चार बोटं लांब आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट घ्या. पैठण्या आणि घराची कागदपत्रं वरच बरी. गॅस सिलिंडर खाली मुळीच नको, हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर तळघरातच साचून राहतो. स्विचबोर्ड उंचावर घ्या. पावसाळ्यात हवा खेळावी म्हणून दिवसभर झरोके उघडे ठेवू नका, त्यातून दमटपणाच आत येतो. त्यापेक्षा डिह्युमिडिफायर लावा.

बांधून झाल्यावर पहिला पावसाळा तळघर रिकामंच ठेवा. आतल्या भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या मागे पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय, लगेच ठेकेदाराला बोलवा. पाणी पुढच्या बाजूला असेल तर तो हवेतला दमटपणा आहे आणि त्याला डिह्युमिडिफायर पुरतो.