वारंवार उसळणारा छातीचा आजार : प्रतिपिंडांची उणीव तर नाही?

मायदेशी फोन केला की आईवडिलांच्या प्रकृतीच्या चौकशीत खोकल्याचा विषय निघतोच. 'छाती भरली होती, अँटिबायोटिक घेतले, आता बरे आहे,' हे उत्तर एकदा ऐकले तर त्यात विशेष काही नाही. वर्षभरात तेच तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकू आले, तरी दोष बहुधा वयाला, धुळीला किंवा बदलत्या हवेला दिला जातो. जुना फुफ्फुसविकार असलेल्या काही रुग्णांत मात्र खरे कारण रक्तात दडलेले असते. ते म्हणजे प्रतिपिंडांची कमतरता. ती ओळखण्यासाठी आरंभी एक साधी रक्ततपासणी पुरते. पण ती करण्याचे सुचणे आवश्यक असते.

प्रतिपिंडे म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन या वर्गातील प्रथिने. त्यांतील आयजीजी रक्तात सर्वाधिक असते, आयजीए श्वसनमार्गाच्या आतील ओलसर अस्तरावर पहारा देते आणि आयजीएम नव्या संसर्गात प्रथम धावून येते. न्यूमोकोकससारख्या जिवाणूभोवती शर्करेचे गुळगुळीत कवच असते. प्रतिपिंडे त्या कवचाला चिकटली की पांढऱ्या पेशींना तो जिवाणू गिळणे सोपे जाते. ती अपुरी पडली की हेच जंतू श्वासनलिकांत ठाण मांडतात. १९५२ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांनी वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात हा घटक जवळजवळ नसल्याचे दाखवून दिले आणि तो बाहेरून टोचून त्याचे आजारपण आटोक्यात आणले. प्रतिपिंडांच्या उणिवेचा आधुनिक अभ्यास तेथून सुरू झाला. परंतु ही उणीव केवळ जन्मजात नसते. ती प्रौढपणी, अगदी उतारवयातही उद्भवू शकते.

फुफ्फुसांच्या बाबतीत तिचे परिणाम दुष्टचक्रासारखे असतात. संसर्गामुळे श्वासनलिकांचा दाह होतो, दाहाने त्यांच्या भिंती सैल पडून नलिका कायमच्या रुंदावतात, रुंद नलिकांत कफ साचतो आणि साचलेल्या कफात पुन्हा जंतू वाढतात. या विकाराला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. सीओपीडी, म्हणजे श्वसनमार्ग कायमचा अरुंद करणारा विकार, असलेल्या रुग्णाला तर प्रत्येक तीव्र उसळी महाग पडते. श्वासाची गमावलेली क्षमता पूर्णपणे परत येईलच असे नसते.

सीओपीडीच्या उसळ्या रोखण्यासाठी उत्तर अमेरिकेत दोन मोठ्या औषधचाचण्या झाल्या होत्या : एक ॲझिथ्रोमायसिनची, दुसरी सिम्व्हास्टॅटिनची. त्यांतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तनमुने संशोधकांनी पुढे आयजीजीसाठी तपासले. सुमारे चौघांमागे एकाच्या रक्तात आयजीजीचे प्रमाण लिटरला ७ ग्रॅमपेक्षा कमी आढळले आणि कमी पातळीचा संबंध अधिक उसळ्यांशी व रुग्णालयात दाखल होण्याशी दिसून आला. मात्र संबंध म्हणजे कारण नव्हे. वारंवार उसळ्या येणाऱ्यांना स्टिरॉइडच्या गोळ्याही वारंवार घ्याव्या लागतात आणि त्या गोळ्यांनीही आयजीजी घटते.

भारतातील चित्र आणखी बोलके आहे. ब्रॉन्किएक्टॅसिसच्या भारतीय नोंदवहीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३१ केंद्रांतील २,१९५ रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांच्या आजाराचे मूळ क्षयरोगात होते. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ब्रॉन्किएक्टॅसिसच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची इम्युनोग्लोब्युलिन तपासणी व्हावी. या नोंदवहीत ती केवळ ८२ जणांची झाली होती. 'जुना टीबी' किंवा 'चुलीच्या धुराचा परिणाम' हे निदान अनेकदा बरोबरच असते. अडचण ही की, ते एकदा कागदावर उतरले की पुढचा शोध थांबतो.

एक धागा मात्र घरातल्या जुन्या रिपोर्टमध्येही सापडू शकतो. यकृताच्या नेहमीच्या तपासणीत एकूण प्रथिने, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन हे आकडे छापलेले असतात. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन उरते आणि त्याचा मोठा हिस्सा प्रतिपिंडांचा असतो. ब्रिटनमधील संशोधकांनी लिटरला १८ ग्रॅमपेक्षा कमी ग्लोब्युलिन हा पुढील तपासणीचा इशारा मानावा असे सुचवले. भारतीय प्रयोगशाळांच्या मोजमापात हा आकडा डेसिलिटरला १.८ ग्रॅम होतो. ग्लोब्युलिन सामान्य असले म्हणून दोष नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. संशय असेल तर आयजीजी, आयजीए आणि आयजीएम स्वतंत्रपणे मोजावे लागतात.

पातळी कमी आली तर पहिला प्रश्न 'का?' हा असतो. स्टिरॉइड, रिटुक्सिमॅब, अपस्माराची काही औषधे, मूत्रपिंडावाटे होणारी प्रथिनांची गळती, तसेच रक्ताचे काही कर्करोग यांचा विचार आधी करावा लागतो. त्यानंतर न्यूमोकोकसची लस देऊन काही आठवड्यांनी शरीराने किती प्रतिपिंडे तयार केली हे पाहिले जाते. कारण नुसत्या आकड्यापेक्षा प्रतिकाराची खरी क्षमता महत्त्वाची.

उणीव गंभीर असेल आणि संसर्ग थांबत नसतील, तर दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे केलेले इम्युनोग्लोब्युलिन दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून, किंवा बहुधा दर आठवड्याला त्वचेखाली दिले जाते. हा उपचार महाग आहे, रक्तद्रवाचा पुरवठा मर्यादित आहे आणि झालेली हानी त्याने भरून निघत नाही. पुढील हानी रोखणे एवढाच त्याचा उद्देश. सीओपीडीत किंचित कमी आयजीजी असलेल्या प्रत्येकाला तो द्यावा, असा निर्णायक पुरावा अद्याप नाही. अशा अनेकांसाठी लसीकरण, कफ काढण्याचे व्यायाम, धूम्रपान सोडणे आणि निवडक रुग्णांत दीर्घकाळ दिलेले प्रतिजैविक हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

म्हणूनच पुढच्या फोनवर 'बरे आहे' या उत्तरावर न थांबता तीन प्रश्न विचारावेत : वर्षात किती वेळा अँटिबायोटिक लागले? स्टिरॉइडच्या गोळ्या किती वेळा घेतल्या? इम्युनोग्लोब्युलिन कधी तपासले आहे का? दूर राहून आईवडिलांची छाती तपासता येत नाही. पण ही उत्तरे लिहून, जुन्या रिपोर्टसह, त्यांच्या छातीरोगतज्ज्ञांपर्यंत नक्कीच पोहोचवता येतात.