सांतानाने पुन्हा नाचायला लावलं

१९७६ साली आलेल्या ‘अमिगोज’ या अल्बमवर ‘बाजारासाठी केलेली तडजोड’ असा शिक्का सहज मारता येतो. मला तो मान्य नाही. वुडस्टॉकच्या मंचावरून जगापुढे आलेल्या सांताना बँडने १९७० साली ‘अब्राक्सस’मध्ये तितो पुएन्तेचं ‘ओये कोमो वा’ इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून लॅटिन रॉक घरोघरी पोचवला होता. पुढे कार्लोस सांताना जॅझकडे वळला. श्री चिन्मय यांचं शिष्यत्व, ‘देवदीप’ हे नवं नाव, ‘कॅरव्हॅनसराय’, ‘वेलकम’, ‘बोर्बोलेता’ असे अंतर्मुख अल्बम. संगीत कसदार होतं, पण सुरुवातीचा खप राहिला नाही. मग रॉक मैफिलींचा आयोजक बिल ग्रॅहमने व्यवस्थापन हाती घेतलं आणि बँडने पुन्हा नाचत्या संगीताकडे यावं असा आग्रह धरला. निर्माता म्हणून डेव्हिड रुबिन्सन होता. हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ या गाजलेल्या फंक अल्बमच्या निर्मितीत त्याचा वाटा होता.

इथे खरा प्रश्न ठेक्याचा आहे. क्यूबन संगीताचा कणा म्हणजे क्लाव्हे. सोळा बारीक मात्रांच्या आवर्तनात फक्त पाच आघात, तेही पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. टाळी देऊन बघा. अंतरं सारखी नसल्यामुळे अंग आपोआप झुलायला लागतं. फंक सम गच्च धरतो आणि मधल्या जागा बेस गिटारला मोकळ्या सोडतो, त्यामुळे क्लाव्हेशी त्याचं छान जुळतं. डिस्कोचं तसं नाही. तिथे बेस ड्रम प्रत्येक ठोक्यावर सारख्याच जोराने पडतो. त्या सपाट ठोक्यावर क्लाव्हे टिकवायचा तर तालवादकांत दम लागतो.

‘अमिगोज’मध्ये तो होता. काँगावर हवानाचा आर्मान्दो पेरासा, ड्रम्सवर एन्डुगू चान्सलर. आठ मिनिटांहून लांब असलेलं ‘डान्स सिस्टर डान्स’ ऐकताना एकदा फक्त तालवाद्यांकडे कान द्या. ग्रेग वॉकरचा सोल ढंगाचा आवाज आणि मागच्या बायकांच्या कोरसमुळे गाणं डान्स फ्लोअरचं वाटतं, तरी खालचा ठेका क्यूबनच राहतो. ‘लेट इट शाइन’ उघड उघड फंक आहे आणि ते बँडचाच बेसवादक डेव्हिड ब्राउन याने रे गार्डनरबरोबर लिहिलंय. याच अल्बमवर ‘युरोपा’सारखी संथ, आर्त गिटारही आहे. अल्बमने अमेरिकेतल्या पहिल्या दहांत जागा मिळवली.

दोन वर्षांनी आलेल्या ‘इनर सीक्रेट्स’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. लॅम्बर्ट आणि पॉटर या निर्मात्यांनी आपलंच, फोर टॉप्सने आधी गायलेलं ‘वन चेन’ बँडकडून डिस्को ठेक्यात करून घेतलं. तालवादकांत पेरासा तिथेही होता, राउल रेको होता, पीट एस्कोवेदोही होता. पण काँगा आणि टिंबाले ही लॅटिन तालवाद्यं निव्वळ सजावटीला उरली. ठेका आधीच ठरलेला, तालवादकांनी त्यात रंग तेवढे भरायचे. ‘अमिगोज’मध्ये डिस्को-फंकला तालवादकांशी जमवून घ्यावं लागलं होतं. म्हणूनच ‘वन चेन’वर १९७८ ची तारीख स्पष्ट उमटलेली ऐकू येते आणि ‘डान्स सिस्टर डान्स’ आजही ताजं वाटतं.

चान्सलर ‘अमिगोज’नंतर बँडमध्ये राहिला नाही. मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’वरचे ड्रम्स त्याचेच आहेत.